हक्क तिचा, भार त्याचा

वडिलांच्या पश्चात पेढीवर कोणी बसावे, हा प्रश्न आपल्या व्यापारी घरांत सहसा विचारलाच जात नाही, मुलगा बसतो. काही दिवसांनी बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते आणि ती न वाचता सही करते. मन दोघांचेही कोणी जाणून घेतलेले नसते. तरीही दोघांचे दुःख एकच नव्हे.

स्त्रीचा प्रश्न नाकारलेल्या गोष्टीचा आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपणा जैनांनाही लागू आहे. त्यानुसार एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क मुलालाच होता. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलीला दिला, पण आधी विवाह झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद मिटवला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. आता अडसर कायद्याचा नाही. माहेर तुटेल या भीतीचा आहे.

पुरुषाचा प्रश्न लादलेल्या गोष्टीचा आहे. शिक्षण अर्धवट सोडून पेढी सांभाळणाऱ्या मुलाला ‘तुला हे हवे आहे का?’ असे कोण विचारतो? बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, एवढ्याच आधारावर दुरुस्तीनंतरच्या कर्जासाठी त्याच्यावर दावा चालत नाही, असे तीच दुरुस्ती सांगते. वारशाने आलेली मिळकत, भागीदारी किंवा जामीनकी यांची जबाबदारी अर्थातच राहते. परंतु घराण्याची पत राखण्याचे ओझे कोणताही कायदा उतरवीत नाही.

‘भाऊच सारे सोसतो, मग बहिणीला वाटा कशाला?’ असे म्हटले जाते. येथेच आपला हिशेब चुकतो. त्या कलमाने मुलीला हक्काबरोबर मिळकतीची दायित्वेही दिली आहेत. आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारीही २००७ च्या कायद्याने मुलगा व मुलगी दोघांवर ठेवली आहे. भावाचा भार हलका करण्याचा मार्ग बहिणीचा वाटा कापण्यातून जात नाही. तिला घरच्या व्यवहारात सहभागी करण्यातून जातो.

म्हणून वडीलधाऱ्यांनी आपल्या हयातीतच दोघांना जवळ बसवावे, वही उघडावी आणि येणे-देणे दोन्ही दाखवावे. त्यानंतर मुलीने स्वखुशीने वाटा सोडला तर ते खरे औदार्य, आणि मुलाने स्वखुशीने पेढी स्वीकारली तर तो खरा वारसा.