रणगाडा असा गंजत नाही

दिल्ली कॅन्टची पोस्टिंग म्हटली की गावाकडच्या लोकांना वाटतं, गडी रोज कर्तव्यपथावर परेड करतो. प्रत्यक्षात मी ईएमईचा व्हेईकल मेकॅनिक. सव्वीस वर्षं रणगाड्यांच्या पोटात हात काळे करतोय, आणि संध्याकाळी क्वार्टरात बसून त्याच रणगाड्यांची वीतभर मॉडेलं रंगवतोय. बायको म्हणते, दिवसभर घासून स्वच्छ करता आणि रात्री बसून घाण करता. बरोबर आहे तिचं. आज या घाण करण्यावरच लिहायचंय, आणि जरा रागानं लिहायचंय.

मागच्या हिवाळ्यात गुरुग्रामला मॉडेलवाल्यांचं एक छोटं प्रदर्शन होतं. बहुतेक मुलं आयटीतली, हातात पैसा, कामात सफाई. एका टेबलावर १:३५ मापाचा पॅटन होता. खाली पाटी, ‘खेमकरण, सप्टेंबर १९६५’. आणि तो पॅटन नखशिखांत तांबडा! बुरुजावरून नारिंगी ओघळ, कडांना खपल्या, चिलखतावर जागोजागी पोपडे, ट्रॅक तर विहिरीतून काढलेल्या साखळीसारखे. लोक वाकून वाकून बघत होते, फोटो काढत होते. ‘क्या वेदरिंग है!’

मला राहवलं नाही. त्या पोराला म्हटलं, बेटा, हा रणगाडा खेमकरणचा नाही. हा भंगारवाल्याच्या दारातला आहे.

ज्यांनी हा छंद पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्लॅस्टिकचं मॉडेल जोडून रंगवलं की ते खेळण्यासारखं दिसतं. म्हणून त्यावर वापराच्या खुणा चढवतात, त्याला वेदरिंग म्हणतात. आधी गंजाचा रंग, त्यावर केसांना मारायचा स्प्रे, त्यावर हिरवा रंग. मग पाण्याचा ब्रश फिरवला की स्प्रे विरघळतो आणि वरच्या रंगाचे टवके उडून खालचा गंज दिसतो. कुणी जाड मीठ पेरून तेच करतं. पातळ केलेल्या ऑइल कलरचे ओघळ ओढतात, खडूची पूड चिकटवून धूळ करतात. कला आहे, मी नाकारत नाही. पण हात बसला की थांबवत नाही, आणि तिथंच बिघडतं.

आता खेमकरणचा हिशोब करा. ८ ते १० सप्टेंबर १९६५, असल उत्तर. शत्रूचे पॅटन पुढं घुसले. आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतात सोडलेलं, उभा ऊस, पावसाळा नुकता सरत आलेला. पॅटन चिखलात रुतले. डेक्कन हॉर्सचे शर्मन, ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन उसातून टपलेले, आणि ४ ग्रेनेडियर्सचा अब्दुल हमीद जीपवरची आरसीएल गन घेऊन. लढाई झाली तीन दिवस. तीन दिवसांत चिलखत खपल्या धरण्याइतकं गंजत नाही हो! रुतलेल्या पॅटनवर हवा होता चिखल. खाली ओला, काळपट. वर वाळून पांढुरका पडलेला. चाकांच्या फटीत उसाचं पाचट. पेटलेल्या गाडीची गोष्ट निराळी. आगीत रंग जळतो, रबर जळतं, पोलाद उघडं पडतं आणि त्यावर दोन-चार दिवसांत खरंच नारिंगी गंज येतो. पण तो जळलेल्या भागावर, शेजारी राखेचा करडा रंग घेऊन. पोराच्या पॅटनवर जळल्याची एकही खूण नव्हती. धडधाकट, चालता रणगाडा, आणि अंगभर गंज.

माझा राग कलेवर नाही, अर्थावर आहे. चालत्या गाडीवर असा गंज दाखवणं म्हणजे तिच्या क्रूला शिवी देणं. ज्यानं मेंटेनन्स परेडला दर आठवड्याला ग्रीस, चिंध्या आणि वायर ब्रश घेऊन पोटावर सरपटत काम केलंय त्याला विचारा. आमच्या लाइनीत गंजाचा एक ठिपका दिसला तर उस्ताद नखानं खरवडून तोच आमच्या नाकाला लावायचे.

आणि पोलाद कसं झिजतं हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. आमच्याकडे खटाव तालुक्यात नांगराचा फाळ बघा. वापरात असेल तर चांदीसारखा लखलखतो. दोन पावसाळे वळचणीला पडला की तांबतो. रणगाड्याचा ट्रॅक म्हणजे फाळच. रात्री पाऊस झाला तर सकाळी त्यावर पातळ तांबूस साय दिसते, आणि गाडी शंभर पावलं चालली की जमिनीला घासून गायब. ट्रॅकचा जमिनीला लागणारा भाग चकाकता हवा, खाचेत माती हवी. क्रू जिथून पाय देऊन चढतो तिथला रंग बुटांनी जातो, पण खालचं पोलाद नारिंगी नसतं, गडद आणि गुळगुळीत असतं. हॅचच्या कडा तशाच, रोज हात लागून. डिझेल भरायच्या तोंडाशी काळा तेलकट डाग, त्यावर धूळ बसलेली. गंज बघायचाय तर एक्झॉस्टपाशी बघा, तिथं रंगच टिकत नाही. टी-७२ चा एक्झॉस्ट डाव्या अंगाला असतो, तिथं काजळी आणि तांबूसपणा दोन्ही करा, खुशाल करा.

त्याच प्रदर्शनात एका एम-११३ वर गंज होता. ती गाडी ॲल्युमिनियमची. शेजारच्या टेबलावर नॅट विमान, त्याच्या पंखावर तांबडे ओघळ. विमानही ॲल्युमिनियमचं. टी-७२ ची रोडव्हीलं ॲल्युमिनियमची आणि वर रबर, त्यावरही गंज! आईच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला कधी तांब चढलेली पाहिली आहे का? मापाचंही तसंच. १:३५ मध्ये दोन मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवर सात सेंटिमीटरचा. असे दोनशे टवके उडालेली गाडी माझ्या वर्कशॉपच्या गेटातून आली असती तर मी आधी ड्रायव्हरला शोधलं असतं.

हे सगळं मी त्या पोराला सुनावलं. थोडं जास्तच सुनावलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘अंकल, छावनी के गेट पर जो टैंक खड़े रहते हैं, वो जंग में ऐसे चमकते थे क्या?’

माझी बोलती बंद झाली. कारण त्याला माहीत नव्हतं, पण ते पाप माझ्या हातचंच होतं.

पलटणीत थट्टेनं म्हणतात, हलेल त्याला सलाम ठोका, उभं असेल त्याला चुना लावा. झाडाच्या बुंध्याला गेरू आणि चुना, दगडाला चुना, आणि गेटवरच्या जिंकून आणलेल्या रणगाड्याला चकचकीत ऑइलपेंट. चाकांना काळा, ट्रॅकला काळा, नळीच्या तोंडाला लाल. माजी सैनिक बंधूंनो, हसू नका, तुम्हीही हातात ब्रश धरलाय. फार वर्षांपूर्वी, गाव सांगत नाही, एका युनिटात इन्स्पेक्शन होतं. गेटवर ७१ चा एक पॅटन उभा होता. त्याच्या बुरुजाच्या बाजूला आरपार भोक होतं, दोन बोटं सहज जातील एवढं, आणि भोवती पोलाद वितळून ओठासारखं बाहेर आलेलं. हुकूम आला, गाडी ‘टिपटॉप’ पाहिजे. मी क्राफ्ट्समन होतो, हात चांगला म्हणून मला पुढं केलं. मी ग्राइंडरनं तो ओठ सपाट केला, मागून पत्रा लावला, लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, दोन हात रंग दिला. साहेबांनी शाबासकी दिली. खरं सांगतो, मलाही अभिमान वाटला.

दोन वर्षांनी रेझिंग डेला पेन्शनर लोक आले. एक म्हातारे दफेदार नातवाला घेऊन त्या पॅटनपाशी गेले. बुरुजावर तळवा ठेवून चाचपू लागले. आधी वाटलं, आधार घेतायत. मग एका बाजूनं चाचपलं, दुसऱ्या बाजूनं चाचपलं. नातू म्हणाला, ‘कहाँ है दादाजी?’ ते म्हणाले, ‘यहीं था.’ पुन्हा चाचपू लागले. पोराच्या तोंडावर जे दिसत होतं ते मला अजून दिसतं. त्याला वाटत होतं, आजोबा थापा मारतात. मी दहा पावलांवर चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. पुढं होऊन सांगायला हवं होतं की भोक होतं, मी बुजवलंय. मी चहा पुढच्या टेबलावर नेला.

म्हणून माझं भांडण दोन्हीकडं आहे. गंज चढवणारा खोटं बोलतो, तसा पॉलिश करणाराही खोटंच बोलतो. कुणी म्हणेल, उघड्यावर उभ्या पोलादाला रंग नाही दिला तर सडेल. मान्य, शंभर टक्के मान्य. पाणी आणि हवा मिळाली की लोखंड गंजणारच, कोकणात लवकर, राजस्थानात सावकाश. रंग द्या, पण मॅट द्या, त्या काळचा द्या, आणि भोकाला हात लावू नका. आत पाणी साठू नये म्हणून खालून एक निचरा काढा, झालं. त्यासाठी काही मोठं बजेट लागत नाही.

प्रदर्शनानंतरच्या महिन्यात आई गावाहून आली. तिला कुतुबमिनार दाखवायला नेलं. मिनारापेक्षा तिला तो लोखंडी खांब आवडला. सोळाशे वर्षं उघड्यावर उभा, तरी सडला नाही. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यानं वर एक राखणारा थर धरतो, असं शास्त्रज्ञ सांगतात. पूर्वी लोक त्याला पाठ लावून मागून हात जुळवायचे. १९९७ मध्ये कुंपण घातलं. खालचा भाग त्या हातांनी वेगळ्याच रंगाचा झालाय. आई लगेच म्हणाली, ‘जात्याच्या खुंट्यावाणी झालंय बघ.’ मग वर बघून म्हणाली, ‘आणि तिथं काय लागलंय रं?’ साधारण चार मीटर उंचीवर तोफगोळ्याची खोक आहे. कुणी नादिरशहाचं नाव घेतं, कुणी आणखी कुणाचं. ती खोक कुणी बुजवली नाही. एवढ्या राजवटी आल्या नि गेल्या, एकालाही लांबी भरायचं सुचलं नाही. माझ्यासारखा हातचलाख क्राफ्ट्समन त्यांना भेटला नसावा.

त्या पोराशी आता दोस्ती झालीय. रविवारी दोघं मायापुरीला जातो, कॅन्टच्या जवळच, जुन्या गाड्या तोडायचा बाजार. मी त्याला दाखवतो की ताजा गंज नारिंगी, जुना गंज काळपट तपकिरी, ओघळ नेहमी बोल्टच्या किंवा फटीच्या खालून निघतो, उगाच मधूनच निघत नाही. बाहेरून मागवलेल्या महागड्या ‘रस्ट’च्या बाटल्या त्यानं बंद केल्या. गेरू म्हणजे तरी काय, लोखंडाचा गंजच. थोडी पिवडी मिसळली की ताज्या गंजाचा रंग तयार, किराणा दुकानात दहा-वीस रुपयांत. झाडांना लावून तो वाया घालवतो आम्ही. टवक्यांच्या संख्येवर मात्र आमचं अजून जमत नाही. तो म्हणतो, थोडं वाढवल्याशिवाय मॉडेलात दिसतच नाही. मी म्हणतो, नाही दिसलं तर नाही दिसलं.

सध्या माझ्या टेबलावर एक पॅटन आहे. बुरुजात दीड मिलिमीटरचं भोक पाडलंय, भोवतीचं प्लॅस्टिक तापल्या सुईनं ओठासारखं वळवलंय. ते तीनदा बिघडलं. मी तो ओठ शेवटचा बघितला तेव्हा हातात ग्राइंडर होता, त्यामुळे कडा वर जास्त वळली होती की खाली, हे नीट आठवत नाही. ज्यांनी ७१ मध्ये शत्रूच्या पडलेल्या पॅटनपाशी उभं राहून फोटो काढले असतील त्यांनी ट्रंका उघडाव्यात. काळा-पांढरा चालेल, धूसर चालेल. मला भोकाची कड बघायचीय.