अंगण किती वाकडं?

आमच्या गावाला लागून लष्कराची छावणी आहे आणि छावणीत नऊ होलचं गोल्फचं मैदान आहे. हिरवंगार म्हणाल तर पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत. पुढे सगळं पिवळं गवत, मधेमधे मुरूम आणि कडेने बाभळी. हे लष्करातून निवृत्त झाले तेव्हा आम्ही इथेच घर बांधलं. पुढे मीही शाळेतून निवृत्त झाले आणि वयाच्या ५८व्या वर्षी गोल्फ खेळायला लागले. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "म्हणजे ते सिनेमात श्रीमंत लोक खेळतात ते?" म्हटलं, तेच. फक्त आमच्या मैदानावर म्हशी येतात.

आता माझं दुखणं सांगते. गोल्फमध्ये बहुतेक होलची सुरुवात लाकडी खुंटीवर चेंडू ठेवून लांब फटका मारून होते. त्याला ड्राइव्ह म्हणतात आणि त्यासाठी जी सगळ्यात लांब काठी असते तिला ड्रायव्हर. मी ड्राइव्ह मारला की चेंडू आधी शहाण्यासारखा सरळ निघायचा आणि मधेच काय आठवायचं कोण जाणे, उजवीकडे वळून थेट बाभळीत. ह्याला स्लाइस म्हणतात. नवशिक्यांपैकी बहुतेकांना हा आजार होतो. पण मला तो आठ महिने झाला तरी सोडेना.

मी एकदा ह्यांना म्हटलं, "अहो, ही काठी मला जड होतेय का हो?" काठी ह्यांचीच होती, जुनी. ह्यांनी नवी घेतली तेव्हा ती माझ्याकडे आली, जशी घरातली बहुतेक जुनी वस्तू बाईकडे येते. हे हसले आणि म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

झालं. ह्या म्हणीपुढे आपल्याकडे कोणाचंच काही चालत नाही. हत्याराला दोष दिला की माणूस कामचुकार ठरतो, आणि बाई असेल तर विचारूच नका. पण मैत्रिणींनो, माझ्या मनात शंका यायला एक कारण होतं. पूर्वीच्या घरात आमचा स्वयंपाकाचा ओटा गवंड्याने त्याच्या उंचीच्या अंदाजाने बांधला होता. मी पाच फूट एक इंच. अकरा वर्षं त्या ओट्यावर कणीक मळली आणि अकरा वर्षं माझा उजवा खांदा दुखला. वय झालं, वजन वाढलं, व्यायाम करा, असं सगळ्यांनी सांगितलं. नव्या घरात ओटा चार इंचांनी खाली घेतला आणि खांदा गप्प झाला. अंगण खरंच वाकडं असू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

दुसरं कारण माझी मैत्रीण. माझ्याबरोबरच तिनेही खेळायला सुरुवात केली होती, मुलाचा जुना सेट घेऊन. सहा महिन्यांनी "आपल्याच्याने हे होत नाही गं" म्हणाली आणि यायची बंद झाली. सकाळचे दोन तास घराबाहेर, मोकळ्या हवेत, कोणाच्या डब्याची काळजी न करता चालायचं, हे तिला किती आवडायचं ते मला माहीत आहे. ते सगळं एका चेंडूच्या वळणापायी गेलं.

तेव्हा मी ठरवलं की वाद घालण्यापेक्षा मोजून बघू. इतकी वर्षं मुलांना शास्त्र शिकवलं, ते कधी कामाला येणार? छावणीतल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीकडून तिचा ड्रायव्हर एका सकाळपुरता मागून आणला. दोन्ही काठ्या शेजारी ठेवल्या तेव्हाच डोळे उघडले. ह्यांची काठी साडेपंचेचाळीस इंच, तिची दोन इंचांनी आखूड. ह्यांच्या काठीच्या दांड्यावर 'एस' लिहिलेलं, म्हणजे ताठ, जोरात फिरवणाऱ्या पुरुषासाठीचा. तिच्या दांड्यावर 'एल', म्हणजे लवचीक, हलका. ह्यांच्या काठीचं तोंड फक्त साडेनऊ अंश मागे कललेलं, तिचं बारा अंश. पकडायची मूठसुद्धा तिची बारीक होती, माझ्या हातात नीट मावणारी.

मग एकाच जागेवरून दहा चेंडू ह्यांच्या काठीने मारले आणि दहा तिच्या. मोजायला हे स्वतः उभे राहिले, म्हणजे नंतर तक्रार नको. ह्यांच्या काठीचे दहापैकी आठ उजवीकडे गेले, आणि सरळ रेषेपासून चाळीस-पंचेचाळीस पावलं. तिच्या काठीचे दहापैकी सात उजवीकडे, पण वीसेक पावलांवर थांबले. शिवाय सगळे थोडे लांबही गेले.

आठ आणि सात. ह्यांना वाटलं ते जिंकले, मला वाटलं मी जिंकले. घरी येईपर्यंत गाडीत तोच विषय.

खरं उत्तर आमच्या कॅडीमामांनी दिलं. मामा शेजारच्या वाडीतले, लहानपणापासून ह्या मैदानावर पिशव्या वाहणारे. ते स्वतः कोणाच्याही कसल्याही काठीने चेंडू सरळ मारतात. ह्यांचा तो ताठ ड्रायव्हर घेऊन पायात चपला घालून त्यांनी मारलेला चेंडू मी पाहिला आहे. मी त्यांना म्हटलं, "मामा, पण सात नंबरच्या लोखंडी काठीने माझा चेंडू सरळ जातो की! मग हात चुकतोय कसा?" मामा म्हणाले, "मॅडम, चूक तीच होतेय. सात नंबर ती झाकते, ड्रायव्हर ती दाखवतो."

हे जरा समजून घेण्यासारखं आहे. चेंडू वळतो तो फिरकीमुळे. काठी ज्या दिशेने फिरते आणि आदळताना तिचं तोंड ज्या दिशेला असतं, त्या दोन्हींत फरक पडला की चेंडूची फिरकी तिरकी होते. तोंड फिरण्याच्या दिशेपेक्षा उजवीकडे उघडं राहिलं की चेंडू उजवीकडे वळणार. सात नंबरचं तोंड बरंच मागे कललेलं असतं, त्यामुळे चेंडूला भरपूर उलटी फिरकी मिळते आणि तिच्यापुढे तिरकेपणा थोडा पडतो. ड्रायव्हरचं तोंड जवळजवळ उभं. तिथे उलटी फिरकी कमी, म्हणून तेवढाच तिरकेपणा मोठं वळण होऊन दिसतो. डाळीत मीठ जास्त पडलं तर पाणी घालून झाकता येतं. चटणीत कसं झाकणार?

म्हणजे साडेनऊ अंशांची काठी माझी चूक वाढवून दाखवत होती, बारा अंशांची कमी करत होती. चूक मात्र दोन्हीकडे माझीच होती. दहातले सात चेंडू ते सांगत होते.

चूक कोणती? मामा म्हणाले, "तुम्ही धुणं आपटताय." मला आधी राग आला, मग हसू आलं, कारण ते शब्दशः खरं होतं. मी काठी खांद्यावरून बाहेर टाकून आत ओढत होते. त्यात मूठ अशी धरलेली की वरून पाहिलं तर डाव्या हाताचं एकच पेर दिसायचं. मामांनी हात जरा उजवीकडे वळवून धरायला लावला, दोन-अडीच पेरं दिसतील इतका. अशी मूठ असली की आदळताना तोंड आपोआप मिटायला मदत होते. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. चेंडू उजवीकडे जातो म्हणून मी रोज थोडी थोडी डावीकडे तोंड करून उभी राहू लागले होते. त्यामुळे काठी आणखी बाहेरून आत यायची आणि चेंडू आणखी वळायचा. मी करत होते त्या औषधानेच दुखणं वाढत होतं.

ह्यांच्या पुस्तकाचंही सांगते, कारण आठ महिने ते माझ्या डोक्यावर होतं. जुन्या पुस्तकांत असं असायचं, की चेंडू काठीच्या फिरण्याच्या दिशेने निघतो आणि मग तोंडाच्या दिशेकडे वळतो. गेल्या पंचवीसेक वर्षांत रडारच्या यंत्रांनी मोजल्यावर दिसलं की चेंडू निघतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेने. ह्यांनी ते पुस्तक अजून टाकलेलं नाही.

मग निकाल काय? माझं मत आता असं झालंय. स्लाइस होतो तो हातामुळे. कोणतंही दुकान हात विकत नाही. "स्लाइस घालवणारे" ड्रायव्हर मिळतात. त्यांत वजन दांड्याच्या बाजूला सरकवलेलं असतं म्हणजे तोंड लवकर मिटावं. वळण थोडं कमी होतं, जात नाही. नव्या ड्रायव्हरची किंमत पाच आकडी असते. तेवढे पैसे घालण्याआधी चार सकाळी कोणा जाणत्याकडून मूठ आणि उभं राहणं तपासून घ्यावं.

पण इथे थांबले तर माझा ओटा मला माफ करणार नाही. मी धुणं आपटायला लागले ते का? काठी लांब आणि जड होती म्हणून. मनगटाने ती वळत नव्हती, म्हणून मी सगळा खांदा घालत होते. जाड मुठीवर हात नीट बसत नव्हता. मापाबाहेरची वस्तू चूक फक्त मोठी करत नाही, ती चूक शिकवते. आणि एकदा अंगात बसलेली सवय काठी बदलली तरी जात नाही, म्हणून तर दुसऱ्या काठीनेही सात चेंडू उजवीकडे गेले! "आधी हात सुधार, मग बघू काठीचं" असं सांगणारे दुखऱ्या बोटावर बूट तसाच ठेवून चाल सुधारायला सांगतात. नवी, महागडी नको. पण शिकणाऱ्या बाईच्या हातात पहिल्या दिवसापासून तिच्या उंचीची, तिच्या ताकदीची काठी असावी, मग ती वापरलेली का असेना. पोरगी सायकल शिकते तेव्हा आपण सीट खाली करतोच ना?

उंचीपुऱ्या, जोरकस बायकांना पुरुषांचीच काठी ठीक बसते, हेही सांगायला हवं. 'लेडीज' लिहिलंय म्हणून घेऊ नये. माप बघावं.

२०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक एका फटक्याने पदकाच्या शर्यतीतून मागे राहिली, चौथी आली. तेव्हा सगळा देश पहाटे उठून गोल्फ बघत होता. मी तिच्या फटक्यांपेक्षा तिच्या आईकडे बघत होते. आई तिची कॅडी होती, पिशवी खांद्यावर घेऊन चालत होती. अदिती काही लांब मारणाऱ्यांत मोडत नाही. पण चेंडू कसा रेषेत ठेवायची!

मी गेल्या महिन्यात वापरलेला बायकांचा ड्रायव्हर घेतला, भिशीच्या पैशातून. मूठ मामांनी सांगितली तशी. दहातले तीन-चार अजून बाभळीत जातात. हे आता म्हण वापरत नाहीत, फक्त खोकतात.

परवा मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, रविवारी ये, मुलाचा सेट घरीच ठेव, माझी काठी वापर, आपली दोघींची उंची सारखीच आहे. ती म्हणाली, "बघू गं, पाहुणे यायचेत." मग जरा थांबून तिने विचारलं, "किती वाजता निघतेस?"