रस्त्याचा हक्क आणि बसची वाट

रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यांनी रस्त्याचा हक्क अदा करावा, अशी ताकीद पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी दिली होती. नजर खाली ठेवावी, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्रास देऊ नये, सलामचे उत्तर द्यावे, असे ते हक्क आहेत. वाटेतील त्रासदायक वस्तू बाजूला करणे हाही इमानचाच भाग आहे, हे तर आपल्या मुलांनाही पाठ असते. म्हणजेच रस्ता ही सर्वांची सामाईक अमानत आहे. पण ही शिकवण आपण काट्या-दगडापुरतीच ठेवली आहे. पाच माणसांची मोटार एकट्याने चालवत नेऊन मागच्या बसमधील पन्नास जणांना खोळंबून ठेवणे, यात कोणाचा हक्क मारला जातो असे आपल्याला वाटतच नाही.

या बाबतीत इंडोनेशियातील जकार्ता शहराचा अनुभव पाहण्यासारखा आहे. मुस्लिम बहुसंख्येचे, कमालीच्या गर्दीचे हे शहर आपल्यासारखेच मोटारी आणि दुचाक्यांनी भरलेले. तेथील गव्हर्नर सुतियोसो यांच्या काळात, जानेवारी २००४ मध्ये, शहराच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध एक मार्गिका फक्त बससाठी राखून ठेवण्यात आली. कोलंबियातील बोगोटा शहराने २००० साली केलेला प्रयोग त्यांच्यासमोर होता. तिकीट थांब्यावरच घ्यायचे आणि बसच्या दारापाशी समपातळीवर चढायचे. त्यामुळे बस थांब्यावर रेंगाळत नाही. यात इंधनाचा हिशेबही आहे. कोंडीत उभी असलेली बस जागेवरच डिझेल जाळते. तिला मोकळी वाट मिळाली, तर तीच बस आणि तोच चालक दिवसभरात जास्त फेऱ्या करतो.

मोटारवाल्यांनी या योजनेवर पुष्कळ आरडाओरडा केला. पण खरी अडचण वेगळीच होती. बसमार्ग वाढत गेले तरी प्रवासी अपेक्षेइतके वाढेनात. बस कमी पडत, दुचाक्या मार्गिकेत घुसत आणि मुख्य म्हणजे गल्लीबोळातील घरापासून थांब्यापर्यंत जायचे कसे, हा प्रश्न तसाच राहिला होता. तेथे आपल्याकडच्या वडाप आणि शेअर रिक्षांसारख्या ‘अंगकोत’ नावाच्या छोट्या गाड्या चालतात. मालकाला रोजची ठरलेली रक्कम द्यायची असल्याने चालक गाडी भरेपर्यंत कोपऱ्यावर उभा राहायचा. २०१८ पासून शहराने या गाड्यांना आपल्या व्यवस्थेत सामावून घ्यायला सुरुवात केली. सामील झालेल्या गाड्यांना किती प्रवासी बसले यावर नव्हे, तर किती किलोमीटर धावल्या यावर पैसे मिळू लागले. गरिबांच्या रोजीवर गदा न आणता त्यांची गाडी बसपर्यंत पोहोचवणारी झाली. २०१५ मध्ये वर्षाला सुमारे १० कोटी प्रवासी होते, ते २०१९ मध्ये २६ कोटींच्या घरात गेले.

आणखी दोन गोष्टी आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. बसचा पुढचा भाग स्त्रियांसाठी राखीव असतो आणि २०१६ मध्ये खास स्त्रियांसाठी गुलाबी बसही सुरू झाल्या. वृद्ध, अपंग आणि मशिदींची देखभाल करणारे खादिम अशांना प्रवास मोफत आहे. जकार्ताची कोंडी संपली असे कोणी म्हणणार नाही; तेथील हवा आजही वाईटच आहे. पण ज्याच्याकडे गाडी नाही, त्यालाही शहरात वाट आहे.

आपल्याकडे पुण्यात २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर अशीच मार्गिका सुरू झाली. देशातील तो पहिला प्रयोग. पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका मात्र कोंडीचे कारण देऊन उखडून टाकण्यात आली. रस्त्यावर वाहने किती अडली हे मोजले जाते. माणसे किती पोहोचली हे कोणी मोजत नाही.

याचा संबंध थेट आपल्या घराशी आहे. घरात एक दुचाकी असेल तर ती कर्त्या पुरुषाकडे किंवा थोरल्या मुलाकडे असते. अम्मीला दवाखान्यात आणि बहिणीला कॉलेजात जायचे असेल, तर कोणी नेऊन सोडण्याची वाट पाहावी लागते. चांगले गुण मिळवूनही बारावीनंतर घरी बसलेल्या मुली आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरी कारण एकच सांगितले जाते, ‘संध्याकाळी परत यायचे कसे?’ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. ही सवलत चांगलीच आहे, पण कॉलेज सुटण्याच्या वेळेला बसच नसेल तर अर्ध्या तिकिटाचा उपयोग काय?

म्हणून आमचे सांगणे असे की, बसचा प्रश्न केवळ नगरसेवकावर सोडू नये. मशीद कमिटीने आणि भगिनींच्या इज्तिमाने एक साधी यादी करावी. आपल्या मोहल्ल्यातून कोणत्या कॉलेजला, कोणत्या दवाखान्याला, किती वाजता, किती जणी जातात हे लिहून काढावे आणि ती यादी आगार व्यवस्थापकाला किंवा परिवहन कार्यालयाला लेखी द्यावी. पोच घ्यावी आणि महिन्याने पुन्हा विचारायला जावे. तोंडी तक्रार विसरली जाते, कागदाला उत्तर द्यावे लागते.

सुरुवात आपल्यापासूनही व्हायला हवी. जुम्याच्या नमाजला पायी येण्यासारखे अंतर असताना गाडी आणणे आणि ती बसच्या वाटेत उभी करणे टाळावे. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. ते विनाकारण जाळणे हा इस्राफच आहे आणि इस्राफ करणारे अल्लाहला पसंत नाहीत.

अल्लाह आपल्या सर्वांना रस्त्याचा हक्क ओळखण्याची आणि तो अदा करण्याची तौफीक देवो. आमीन.