समुद्राची नोकरी, घरची विद्या

संयुक्त राष्ट्रांच्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी चौदावे समुद्र जपण्याचे. त्यावर जगभर अभ्यासक्रम आणि नोकऱ्या उभ्या आहेत. वसईजवळच्या अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात समुद्र जपण्याचा हाच प्रश्न जाळ्याच्या आसाचा आहे: बारीक आसाच्या जाळ्यात पापलेटची पिल्ले अंडी घालण्याआधीच अडकतात. 2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. 135 मिलिमीटरहून लहान पापलेट धरू नये, असा नियमही आहे. पण भरती-ओहोटीच्या कोणत्या वेळी, कुठल्या खोलीवर ही पिल्ले मिळतात, हे डोल जाळे लावणारा कोळी जाणतो. (आणि मासळी विकणारी त्याची बायकोही.) ही जाण जागतिक परिषदांत पोहोचायला हवी. त्यासाठी शिक्षणाची सोयही आहे: रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था. कोळीवाड्यातल्या आईबापांनो, बारावीनंतर मुलींनाही शिरगावला पाठवा, आणि पदवीनंतर वर्सोव्याला.