ट्रॅक्टरवरची फर्माईश

दसरा सरला की पाटोद्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, बाजरीची पोती, एखादी शेळी, पोरंबाळं, आणि ट्रॅक्टरवर टेप हमखास. बालाघाट उतरेपर्यंत कोणाचं गाणं लागणार यावरून तंटा ठरलेला. म्हाताऱ्यांना प्रल्हाद शिंदेंचा विठ्ठल हवा, पोरांना आनंद शिंदेंचा ठेका. म्हणजे भांडण गायकांच्या हिशेबानंही बापलेकांचंच! माझं मत म्हाताऱ्यांकडे. प्रल्हाद शिंदे वरच्या पट्टीत जातात तेव्हा आवाज किंचित चिरतो, आणि त्या चिरण्यातच सगळी वारी असते. पण 2016 चा ‘सैराट’ लागला की दोन्ही पार्ट्या गप्प. अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यमेळ थेट लॉस एंजेलिसला सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतला. फाटक्या स्पीकरमधून, सायलेन्सरच्या फटफटीवर मात करत येणारी ती व्हायोलिनं मला सभागृहातल्यापेक्षा जास्त भिडतात. शास्त्रीयवाल्यांनी नाकं मुरडावीत खुशाल. बायांना मात्र त्या टेपवर कोणी आवड विचारत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी तर महाराष्ट्रभरातून बायांच्याच लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यात आपल्याच बीड जिल्ह्यातल्या, माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्याही आहेत. कारखान्याचं बॉयलर पेटायच्या आत कोणीतरी त्या ओव्या पेनड्राइव्हमध्ये भरून द्या, ही माझी फर्माईश. पोरं कुरकुरतील, कुरकुरू देत.