कोड आपला, किल्ली कोणाकडे?

दोन-तीन अभियंत्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत कोणी काय बदलले, हे तोंडी विचारूनही भागते. ही संख्या पंधरा-वीसवर गेली, की एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या फाइलखाली पुसली जाते आणि ग्राहकाकडे नेमकी कोणती आवृत्ती गेली, याचा पत्ता लागत नाही. सोर्स कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी 'व्हर्जन कंट्रोल' प्रणाली निवडण्याची घाई नवउद्योगांना होते ती याच टप्प्यावर. चर्चा रंगते ती वेग आणि शुल्काची. अटी मात्र सहसा कोणी वाचत नाही.

लिनक्सला त्याची किंमत मोजावी लागली होती. लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजेच कर्नेलचे, काम २००२ पासून 'बिटकीपर' या खासगी मालकीच्या प्रणालीवर चालत असे. बिटमूव्हर कंपनीने ती विनामूल्य, पण अटी घालून वापरू दिली होती. तिच्याशी जोडले जाणारे स्वतंत्र साधन अँड्र्यू ट्रिजेल यांनी तयार करताच वाद पेटला आणि २००५ मध्ये कंपनीने विनामूल्य आवृत्ती मागे घेतली. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी त्याच एप्रिलमध्ये 'गिट' लिहावयास घेतले. जूनमधील कर्नेलची २.६.१२ ही आवृत्ती गिटवरच सिद्ध झाली. टोरव्हाल्ड्स यांना हे साधले. ग्राहकांच्या तगाद्यात अडकलेल्या कंपनीला अशी उसंत कोठून मिळणार?

'सबव्हर्जन'मध्ये बदलांचा सारा इतिहास मध्यवर्ती सर्व्हरवर असतो. गिटमध्ये तो सामान्यतः प्रत्येक अभियंत्याच्या संगणकावरही उतरतो. त्यामुळे बहुतेकांसाठी प्रणालीचा प्रश्न आता निकालात निघाला आहे. चित्रांच्या अवजड फायली हाताळणाऱ्या व्हिडिओ गेम कंपन्या 'परफोर्स'कडे वळतात, तो अपवाद.

पेच उरतो तो कोड ठेवायचा कोठे, याचा. 'गिटहब', 'गिटलॅब' किंवा 'बिटबकेट'वरील त्रुटींच्या नोंदी, कोड तपासतानाच्या चर्चा आणि परवानग्या गिटच्या प्रतीत येत नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅबच्या एका कर्मचाऱ्याने चुकून मुख्य डेटाबेस पुसला. ग्राहकांचा कोड शाबूत राहिला. सुमारे सहा तासांच्या या अन्य नोंदी मात्र कायमच्या गेल्या. बिटबकेटची कथा निराळी. २००८ मध्ये ती सुरू झाली 'मर्क्युरिअल' प्रणालीसाठी, आणि २०२० मध्ये तिने मर्क्युरिअललाच निरोप दिला. जुन्या ग्राहकांना बिऱ्हाड हलवावे लागले.

गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवरही बसविता येते. पण देखभालीला माणूस लागतो आणि वीस जणांत तो वेगळा काढणे जड जाते. अशा कंपन्यांनी भाड्याची सेवा खुशाल घ्यावी. मात्र खाते संस्थापकाच्या वैयक्तिक ई-मेलवर न काढता कंपनीच्या नावे काढावे, आणि साऱ्या नोंदी बाहेर काढून दुसरीकडे उघडतात की नाही, हे पहिले बिल भरण्यापूर्वीच करून पाहावे.