पाच हजार पत्रकं

गेल्या वर्षी बायकोने घरगुती डब्यांचा व्यवसाय सुरू केला. तिची एफडी मोडून! ‘जाहिरात केल्याशिवाय कोणाला कळणार?’ हे शहाणपण मात्र माझं. पाच हजार पत्रकं छापली, पेपरात घालून घरोघरी वाटली. फोन आले सतरा, डबे लागले तीन.

मग तिने तिच्या पद्धतीने घेतलं. शेजारच्या इमारतीतल्या दोन आजी-आजोबांना आठवडाभर डबा दिला. ‘आवडला तरच पैसे द्या,’ म्हणाली. एका आजोबांना मधुमेह, म्हणून त्यांच्या डब्यात भाताऐवजी भाकरी. एकदा डबा पाऊण तास उशिरा पोहोचला, तर त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. मी चिडलो. पण आजोबांनी ते कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं. आज बावीस डबे जातात.

मला वाटतं, वस्तू विकणं वेगळं आणि सेवा विकणं वेगळं. साबण नाही आवडला तर माणूस दुसरा आणतो. डबा चुकला तर कोणीतरी उपाशी राहतं. म्हणून लोक आधी माणूस पारखतात, मग दर विचारतात. १८९०च्या सुमारास सुरू झालेल्या मुंबईच्या डबेवाल्यांचंच बघा ना! पांढरी टोपी आणि वेळेवर आलेला डबा, हीच त्यांची जाहिरात.

तेव्हा नवं काही सुरू करत असाल, तर आधी एक गल्ली सांभाळा. गाव नंतर बघू.

उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर ती आता उद्याची भाजी लिहिते. छपाई अगदीच वाया गेली नाही म्हणायची!